डाग काळा असो वा पांढरा, आधी त्याचं नाव ठरू द्या

विचारणाऱ्या बाईंचा प्रश्न असा: दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले. ओळखीतल्या कुणीतरी एक ट्यूब सुचवली. ती रोज रात्री लावली आणि महिन्याभरात चेहरा लख्ख झाला. ट्यूब थांबवल्यावर मात्र डाग पहिल्यापेक्षा गडद होऊन परतले आणि आता उन्हात गेलं की चेहऱ्याची आग होते. लेझर करून घ्यावं का? जोडीला दुसरा प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाच्या गालावर फिकट चट्टा आलाय, ते कोड तर नसेल ना?

लेझरचं थेट सांगते: आत्ता नको. मुलाच्या चट्ट्याचं उत्तर बहुधा दिलासा देणारंच निघेल, पण चट्टा समोर बसवून बघितल्याशिवाय, नुसत्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे काही सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. या दोन उत्तरांमागची कारणं सांगायला मात्र जागा लागेल. त्वचेच्या रंगाच्या तक्रारींत औषधांची वानवा नाही. घोटाळा होतो तो डागाचं नाव न ठरवताच औषध सुरू केल्यामुळे. चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण मूळ डागापेक्षा त्यावर लावलेल्या औषधांनीच जास्त बेजार झालेले असतात.

आत काय चालतं ते आधी बघू. त्वचेच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. टायरोसिनेज नावाचं एन्झाइम वापरून त्या मेलॅनिन तयार करतात, ते सूक्ष्म पिशव्यांत भरतात आणि आपल्या लांब फांद्यांमधून आसपासच्या साधारण ३६ पेशींना पोचवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो पिशव्यांच्या आकारामुळे, त्यांच्या संख्येमुळे आणि त्या किती काळ टिकतात यामुळे.

या साखळीत बिघाड कुठेही होऊ शकतो. कोडात मेलॅनोसाइटच नष्ट होतात. वांगात, म्हणजे गालाकपाळावरच्या तपकिरी डागांत, त्या शाबूत असतात, पण गरजेपेक्षा जास्त काम करतात. लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस नावाच्या आजारात वरचा थर तळाशी दुखावतो आणि रंग खालच्या थरात सांडून तिथेच अडकतो. मानेवरच्या जाडसर काळपटपणात मेलॅनिनची भानगड फारशी नसते, तिथे कातडीच जाड झालेली असते. शिब्यात बुरशी मेलॅनोसाइटच्या कामात ढवळाढवळ करते. आता या पाचही जणांना एकच ‘डाग घालवायचं क्रीम’ दिलं तर काय होईल याचा तुम्हीच विचार करा.

तपासणीत सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली असं विचाराल तर मी खिडकी म्हणेन. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली डागाची छटा कळत नाही आणि छटा फार बोलकी असते. मेलॅनिन वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो. तेच मेलॅनिन खालच्या थरात उतरलं असेल तर डाग राखाडी, निळसर, पाटीच्या रंगाचा दिसतो, कारण खोलवरून परत येणाऱ्या प्रकाशात निळ्या छटेचा वाटा वाढतो. तपकिरी डागाला लावायच्या औषधाने फरक पडण्याची आशा धरता येते. निळसर राखाडी डागावर तेच औषध वर्षभर चोळलं तरी ते खालपर्यंत पुरेसं पोचत नाही. एवढं एक निरीक्षण नीट केलं तर पेशंटचे कितीतरी महिने आणि पैसे वाचतात.

मग बोट फिरवायचं. डाग गुळगुळीत आहे की खरबरीत? नखाने हलकेच खरवडल्यावर पिठासारखी बारीक भुकटी निघते का? निघाली तर बहुधा शिबं. छातीवर, पाठीवर, दंडावर पसरलेले फिकट किंवा तपकिरी ठिपके आणि त्यावर ही भुकटी असेल, तर थोडी काचपट्टीवर घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. बुरशीचे आखूड धागे आणि गोल बीजाणूंचे पुंजके दिसले की प्रश्न मिटला. उपचारही साधा आहे, किटोकोनाझोलचा शांपू किंवा क्रीम, आणि फारच पसरलं असेल तर पोटातून इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोल. किटोकोनाझोलच्या गोळ्या मात्र यासाठी आता घेऊ नयेत, त्या यकृताला धोकादायक ठरू शकतात. आणि एक गोष्ट पेशंटला आधीच सांगावी लागते, नाहीतर तो तीन डॉक्टर बदलतो: बुरशी मेल्यावर भुकटी थांबते, पण रंग भरून यायला आणखी आठवडे, कधी कधी महिने जातात. तेवढ्यासाठी औषधाचा पुन्हा मारा करायची गरज नसते.

यानंतर डाग शरीरावर कसा पसरलाय ते बघायचं. वांग दोन्ही बाजूंना सारखं असतं, गाल, कपाळ, वरचा ओठ, नाकाचा दांडा. हनुवटीच्या खालचा आणि कानामागचा भाग उन्हापासून सुटतो म्हणून तिथे ते सहसा नसतं. काळपटपणा तिथेही असेल, पापण्यांवर असेल, मानेच्या घड्यांत शिरला असेल, तर मी वांगाचा विचार बाजूला ठेवते आणि केसांचा रंग, अत्तर, सुगंधी तेल यांची चौकशी सुरू करते. केसांच्या काळ्या रंगातलं पॅराफिनिलिनडायअमिन अनेकांना सोसत नाही. खाज फारशी येत नाही, लालीही दिसत नाही, चेहरा हळूहळू राखाडी होत जातो आणि माणूस तो झाकायला आणखी काही काही लावत राहतो. इथे पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली की गुन्हेगार सापडतो. त्याला घराबाहेर काढल्याशिवाय कुठलंही क्रीम चालत नाही.

वुड्स लँपबद्दल बरेच जण विचारतात. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९०३ मधल्या फिल्टरवरून हे नाव आलं. साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पूर्ण अंधारात डागावर टाकतात. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा, किंचित निळसर चमकतो, आणि साध्या उजेडात न दिसलेले आणखी चार डागही समोर येतात. त्यासाठी हा दिवा उत्तम. वांग किती खोल आहे हे मात्र सावळ्या त्वचेत यावरून नीट कळत नाही, पुस्तकात काहीही लिहिलं असो. आणि चेहरा धुतलेला हवा, कारण क्रीम, पावडर, रुमालाचे धागे सगळंच त्या उजेडात चमकतं आणि नवशिक्याला चकवतं. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, यापेक्षा जास्त कळतं. बायोप्सीची गरज थोड्यांनाच लागते. नाव ठरतच नसेल, किंवा एखादा तीळ संशयास्पद वाटत असेल, तेव्हा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढायला मी मागेपुढे बघत नाही.

हे सगळं चालू असताना तोंडाने प्रश्न चालू असतात. कुठल्या गोळ्या चालू आहेत? गर्भनिरोधक? मिनोसायक्लिन, अमिओडॅरोन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, केमोथेरपीची कितीतरी औषधं त्वचेचा रंग बदलतात. ओठावर किंवा गुप्तांगावर नाण्याएवढा गोल, जांभळट काळा डाग घेऊन कुणी आलं की मी विचारते, ‘मधेच हा डाग लाल होऊन चुरचुरतो का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न, त्याच्या आदल्या दिवशी ताप, दुखणं किंवा जुलाबासाठी कुठली गोळी घेतली होती. ती गोळी पुन्हा घेतली की डाग नेमका त्याच जागी पेटतो. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात आणि याचा उपचार म्हणजे त्या गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवणं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवणं.

आता मुलाच्या गालाकडे येते. या वयात गालावर एक-दोन फिकट, कडा पुसट असलेले, किंचित कोरडे, हात फिरवल्यावर खरखरीत लागणारे चट्टे असतील तर बहुतेक वेळा तो पिटिरियासिस अल्बा असतो. हा सौम्य एक्झिमाचाच प्रकार. आजूबाजूची त्वचा उन्हाने रापली की तो जास्त उठून दिसतो, म्हणून उन्हाळ्यात घाबरून येणारे आईबाप जास्त. जंतांचं किंवा कॅल्शियमचं औषध देऊन तो जात नाही, तो त्याच्या वेळेने जातो. दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर, लाली असेल तर थोडे दिवस एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि सनस्क्रीन, एवढं पुरतं. त्वचा सारखी व्हायला काही महिने लागतात.

कोडाचा डाग निराळा. तो फिकट नसतो, दुधासारखा पांढरा असतो, कडा स्पष्ट असते, त्वचा मऊ असते, खवले नसतात. तिसरी शक्यता जन्मापासूनच्या फिकट डागाची, जो मुलाच्या वाढीच्या प्रमाणात वाढतो, पसरत नाही आणि त्याला काही करायचंही नसतं. त्यातही पानाच्या आकाराचे फिकट डाग तीन किंवा जास्त असतील आणि मुलाला झटके येत असतील, तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या मेंदूवरही परिणाम करणाऱ्या जन्मजात आजारासाठी तपासावं लागतं.

आणि कुष्ठरोगाची शक्यता. ती उच्चारली की घरात सन्नाटा पसरतो, म्हणून अनेक जण उच्चारतच नाहीत. पण फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर घाम नाही, केस विरळ आणि स्पर्श बोथट, असं असेल तर आधी ते तपासायचं. कापसाचं टोक ओढून धाग्यासारखं करायचं, पेशंटला डोळे मिटायला सांगायचे आणि जिथे स्पर्श झाला तिथे त्याने बोट ठेवायचं. आधी निरोगी त्वचेवर करून दाखवायचं, मग चट्ट्याच्या मधोमध. लहान मुलं हा खेळ समजून मजेत करतात. बोट दोन-तीन इंच चुकलं किंवा हललंच नाही, तर मी कोपराच्या मागची आणि मानेवरची नस जाड झालीय का ते चाचपते. एक खाचखळगा लक्षात ठेवायचा, चेहऱ्याला नसांचा पुरवठा इतका दाट आहे की चेहऱ्यावरच्या कुष्ठाच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असू शकते. तिथे नुसत्या कापसावर भरवसा ठेवता येत नाही. निदान झालं तर १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला बहुविध औषधोपचार आहे, आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांचा, आणि तो लवकर सुरू झाला तर विद्रूपता येत नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट असतो, पांढराशुभ्र नसतो, आणि कोडात स्पर्श कधीच जात नाही. हे दोन फरक माहीत नसल्यामुळे कोडाच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या उगाच वाळीत पडल्यासारखं आयुष्य काढलं आहे.

कोडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘याला औषध नाही’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. कोड संसर्गजन्य नाही. शरीराच्या संरक्षक पेशी आपल्याच मेलॅनोसाइटवर उठतात, त्यामुळे ते होतं. म्हणून सोबत थायरॉइड तपासून घ्यावं, ते बिघडलेलं असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पथ्याने डाग जातही नाहीत आणि पथ्य मोडल्याने येतही नाहीत.

पहिला प्रश्न असा असतो की आजार आत्ता पसरतोय का. कडा धूसर होत असेल, डागाभोवती पांढरे बारीक ठिपके शिंपडल्यासारखे दिसत असतील, खरचटल्याच्या रेषेवर नवा डाग उमटत असेल, तर तो जोरात आहे आणि आधी थांबवायला हवा. त्यासाठी ठरावीक मुदतीपुरती स्टेरॉइडची गोळी, अनेकदा आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस, अशी पद्धत आहे. सोबत अरुंद पट्ट्यातली यूव्हीबी, म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश, आठवड्यातून दोन-तीनदा. लावायला चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम, अंगावर मुदतीपुरतं स्टेरॉइड क्रीम. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी रक्सोलिटिनिब या जॅक इनहिबिटरच्या, म्हणजे संरक्षक पेशींचा हल्ला शमवणाऱ्या औषधाच्या, क्रीमला १२ वर्षांवरच्या पेशंटमधल्या साध्या, म्हणजे पट्ट्यात नसलेल्या कोडासाठी परवानगी दिली. नेमक्या याच आजारासाठी रंग परत आणणारं औषध म्हणून परवानगी मिळालेलं ते पहिलंच.

रंग परततो तो कसा, हे एकदा भिंगातून बघण्यासारखं असतं. पांढऱ्या डागाच्या मधोमध एकेका केसाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका उगवतो. आठवड्याआठवड्याने तो मोठा होतो आणि शेजारच्या ठिपक्याला जाऊन मिळतो. मेलॅनोसाइटची राखीव फौज केसाच्या मुळाशी दडलेली असते, म्हणून असं घडतं. यातूनच कुठला डाग भरेल याचा अंदाजही येतो. चेहरा आणि मान लवकर दाद देतात. ओठ, बोटांची टोकं, तळवे यांना केसच नसतात, तिथे रडतखडत चालतं. डागातले केसच पांढरे झाले असतील तर राखीव साठाही संपलेला असतो आणि औषधाने फारसं काही होत नाही. मग डाग निदान वर्षभर स्थिर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो, निरोगी त्वचेतल्या पेशी वेगळ्या करून डागावर रोपतात. प्रकाशोपचारात तीन महिन्यांत निकाल लावून मोकळे होऊ नका, सहा महिने तरी द्या. आणि बावचीचं तेल लावून उन्हात बसण्याचा उद्योग घरी करू नका. त्यातल्या सोरालेनमुळे रंग येतो हे खरं, पण मात्रा कुणाच्याच हातात नसते आणि फोड येऊन भाजल्याच्या जागी नवं कोड उमटतं.

सगळे पांढरे डाग आतूनच येतात असंही नाही. १९३९ मध्ये कातडी कमावण्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे डाग आल्याची नोंद प्रसिद्ध झाली. शोध घेतल्यावर दोष निघाला त्यांच्या रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनाचा. आजही चपलेच्या पट्ट्याच्या आकारात पायावर पांढरे पट्टे दिसले, तर मी पायाआधी चपलेकडे बघते. आणि पन्नाशीनंतर पोटऱ्यांवर, हातांवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके येतात ते कोड नाही, वयाने आणि उन्हाने आलेली खूण आहे. ते वाढून मोठे चट्टे होत नाहीत, सोडून द्यावेत.

आता तुमचा चेहरा. तुम्हाला मूळ तक्रार वांगाची असावी. गर्भारपण, संप्रेरकं, ऊन आणि घरातला वारसा, हा त्याचा नेहमीचा संच. बाळंतपणानंतर काही जणींचं वांग आपोआप फिकं पडतं, थोडा धीर धरला असता तर तुमचंही पडलं असतं कदाचित. पण महिन्यात लख्ख, थांबवल्यावर दुप्पट आणि उन्हात आग, ही वर्दी त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं हे जवळजवळ नक्की करते. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावं तिच्या पाठीवर बारीक अक्षरात शोधा. स्टेरॉइड मेलॅनोसाइटला तात्पुरतं गप्प बसवतं, म्हणून डाग पुसल्यासारखा होतो. त्याच वेळी ते त्वचा पातळ करत असतं, रक्तवाहिन्या फुगवत असतं. आरशात गालावर लाल बारीक धाग्यांसारख्या रेषा दिसतायत का बघा, पुरळ आणि नवी लव आलीय का तेही बघा.

ट्यूबवर काही लिहिलेलंच नसेल तर मला जास्त काळजी वाटते. उजळवणाऱ्या बेनामी डब्यांत पारा सापडतो. पाराही टायरोसिनेज अडवतो, चेहरा उजळतोच, आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवीतून प्रथिनं जायला लागतात. चेहरा उजळ आणि पाय सुजलेले, अशी तक्रार आली की मी आधी लघवीची तपासणी सांगते.

तुमच्या बाबतीत पहिले काही आठवडे डागाला हात लावायचा नाही, त्वचेची डागडुजी करायची. सुगंध नसलेलं सौम्य क्लेन्झर, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी सगळं बंद. फेस वॉश, स्क्रब, टोनर, घरगुती लेप, व्हिटॅमिन सीचं सीरम, सगळं. बरेच महिने रोज लावली असेल तर ट्यूब एकदम तोडायची की कमी ताकदीच्या औषधावर उतरवत न्यायची हे डॉक्टर चेहरा बघून ठरवतील. टॅक्रोलिमसची मदत होते. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा बंड करेल, लाल होईल, सोलेल. याच टप्प्यावर लोक हार मानून पुन्हा ती ट्यूब उघडतात, आणि मग सुटका आणखी लांबते.

त्वचा शांत झाल्यावर वांगाचा उपचार. त्याचा पाया सनस्क्रीन, आणि ते पुरेसं लावणं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा भरतील एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जण याच्या चतुर्थांशही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीन बदलत बसतात. वांगाला नुसती अतिनील किरणंच नाही, दिसणारा उजेडही भडकवतो, विशेषतः सावळ्या त्वचेत. बिनरंगी सनस्क्रीन हा उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन अडवतं. खिडकीची काच यूव्हीबी रोखते, पण यूव्हीए बरंचसं आत सोडते, म्हणून घरात बसूनही वांग वाढतं. टोपी आणि छत्री ही औषधंच समजा.

लावायच्या औषधांत हायड्रोक्विनोन अजूनही मापदंड मानलं जातं. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये ते ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडबरोबर एकत्र करून दाखवलं, आणि आजचं तीन औषधांचं मिश्रण, ४ टक्के हायड्रोक्विनोन, ०.०५ टक्के ट्रेटिनॉइन, ०.०१ टक्का फ्लुओसिनोलोन, हे त्याचंच सौम्य रूप. ते चांगलं औषध आहे, पण आठ ते बारा आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली. ज्याच्या हाती ते चिठ्ठीशिवाय लागतं तो दोन वर्षं लावतो, आणि मग गालांवर निळसर काळे, खसखशीसारखे दाणे येतात. याला ऑक्रोनोसिस म्हणतात, हायड्रोक्विनोनमुळे होणारा हा प्रकार दक्षिण आफ्रिकेतून १९७५ मध्येच नोंदला गेला होता, आणि तो जाता जात नाही. लांबच्या पल्ल्यासाठी मी अझेलेइक आम्ल जास्त पसंत करते. ते हळू चालतं, सुरुवातीला थोडं चावतं, पण गर्भारपणातही वापरता येतं. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन तेव्हा नकोत. तुम्ही बाळाला अंगावर पाजत असाल तर तेही आधी सांगा.

पोटातून ट्रॅनेक्सॅमिक आम्ल, मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध, कमी मात्रेत, बहुधा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने देतात. हट्टी वांगात त्याचा गुण येतो. पण पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, घरात तसा इतिहास असेल, गर्भनिरोधक गोळ्या किंवा धूम्रपान चालू असेल, तर नको. हे प्रश्न न विचारता कुणी ही गोळी लिहून देत असेल तर उठून या. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं मी देत नाही. त्यांचा टिकाऊ उपयोग सिद्ध झालेला नाही आणि शिरेतून दिलेल्या औषधाचे धोके मात्र खरे आहेत.

लेझर वाईट नाही. ‘नेव्हस ऑफ ओटा’ नावाच्या चेहऱ्यावरच्या निळसर जन्मखुणेवर १०६४ नॅनोमीटरचं क्यू-स्विच्ड लेझर जे काम करतं ते दुसऱ्या कशाने होत नाही. वांगाचं तसं नाही. तिथे मेलॅनोसाइट आधीच चिडलेल्या असतात, लेझरची उष्णता त्यांना आणखी चिडवते. काही आठवडे उजळ दिसून डाग पूर्वीपेक्षा गडद येतो, आणि पुन्हा पुन्हा केलं तर मधे मधे पांढरे ठिपके पडतात जे काढणं त्याहून कठीण. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर तर हा जुगार खेळूच नये. ग्लायकोलिक आम्लाची पील, म्हणजे वरचा थर हलकेच सोलणारा लेप, त्वचा सावरल्यावर, सनस्क्रीनची शिस्त अंगवळणी पडल्यावर, आधार म्हणून चालते. वांग आटोक्यात राहतं, कायमचं मुळासकट जाईल असं वचन मी देत नाही. कुणी दिलं तर त्याला लेखी मागा.

मुरमांचे डाग ही वेगळी गोष्ट. तिथे मुरुम थांबवणं हाच डागाचा उपचार, आणि मुरुम फोडणाऱ्या बोटांना आवर. वरच्या थरातले तपकिरी डाग काही महिन्यांत बहुतांशी विरतात.

मान काळी पडली, मखमलीसारखी जाड झाली, काखेतही तसंच, तर तो मळ नाही. घासू नका, घासल्याने आणखी काळी होते. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, म्हणून साखर तपासा, वजन बघा. वजन उतरलं की मान उजळते, हे मी अनेकांत पाहिलंय. बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा आणि सोबत थकवा, मुंग्या असतील तर बी१२ तपासा. इंजेक्शनं सुरू झाली की काही आठवड्यांत तो फिकट होऊ लागतो. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडत चालले, वजन घटतंय, उभं राहिल्यावर चक्कर येते, असं सगळं एकत्र असेल तर त्वचेच्या डॉक्टरच्या रांगेत थांबू नका. १८५५ मध्ये थॉमस अॅडिसन यांनी वर्णन केलेला अॅड्रिनल ग्रंथींचा आजार असा दिसतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

तसंच तळपायावर, तळहातावर किंवा एकाच नखात नव्याने आलेला काळा डाग. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी उभ्या रेषा असतात, त्या निर्धोक. पण एकाच नखातली रेषा रुंद होत असेल, रंग एकसारखा नसेल, काळपटपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर बायोप्सी लगेच हवी. सावळ्या त्वचेला मेलॅनोमा कमी होतो हे खरं, पण होतो तेव्हा बऱ्याचदा याच जागी होतो. बॉब मार्ले १९८१ मध्ये गेले ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमाने.

डॉक्टरकडे जाल तेव्हा चेहऱ्याला काही न लावता जा. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, केसांच्या रंगाचं खोकं न्या. गर्भारपणाआधीचा एखादा फोटो न्या. मुलाला सोबत घ्या आणि त्याच्या अंगावरचा शर्ट काढून पाठही दाखवा, कारण गालावरच्या एका चट्ट्याचं उत्तर कधी कधी पाठीवर असतं. दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच वेळी, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवा. आरशात रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि पुढच्या भेटीत औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे ठरवायला मला तेच फोटो लागतात.